क्रॅशच्या पत्त्यावरून कोडमधली ओळ सांगणारं ॲडर-टू-लाइन हे टूल नुसती प्रश्नचिन्हं दाखवतंय?

अरे, टूलला दोष देण्याआधी बायनरी (म्हणजे कंपाइल झालेला प्रोग्राम) मायनस-जी लावून कंपाइल केलीस का ते बघ. त्या पर्यायाने बायनरीत डीबगची माहिती येते. ती माहितीच नसेल, तर ओळ नंबर येणार कुठून?

ते असूनही प्रश्नचिन्हंच येत असतील, तर बहुतेक पत्ता चुकीचा देतोयस. हल्ली बायनरी मेमरीत कुठेही लोड होते, त्यामुळे क्रॅशमधला पत्ता जसाच्या तसा चालत नाही. प्रोसेसच्या मॅप्स फाइलमध्ये (मेमरीत काय कुठे लोड झालंय त्याची यादी) त्या बायनरीची पहिली ओळ बघ. समजा सुरुवात ५५५५५५५५४००० आणि क्रॅश ५५५५५५५५५१४९ वर. वजाबाकी केली की ११४९ उरतात. हा आकडा द्यायचा. (हे सगळं हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायातल्या आकड्यांत हं! मी एकदा साध्या कॅल्क्युलेटरवर वजाबाकी करून अख्खी दुपार घालवली होती.) पत्ता शेअर्ड लायब्ररीतला (प्रोग्राम वापरतो त्या वेगळ्या कोड-फाइलमधला) असेल तर सुरुवात तिची घ्यायची आणि फाइलही तिचीच.

बॅकट्रेसमध्ये, म्हणजे कोणत्या फंक्शनने कोणाला कॉल केलं त्या यादीत, वरची फ्रेम (यादीतली नोंद) सोडून बाकीचे सगळे रिटर्न ॲड्रेस असतात, म्हणजे कॉलच्या पुढच्या इन्स्ट्रक्शनचा पत्ता. त्यातून एक वजा कर, नाहीतर खालचीच ओळ दिसते आणि माणूस निष्पाप कोडला शिव्या देत बसतो. ऑप्टिमाइझ केलेल्या कोडला मायनस-आय लाव, इनलाइन झालेली (कॉलच्या जागीच कोड भरलेली) फंक्शन्सही दिसतील.

आणि बायनरी तीच हवी, जी क्रॅश झाली. पुन्हा बिल्ड केलेली नको. बिल्ड-आयडी (बायनरीतला त्या बिल्डचा ओळख-क्रमांक) जुळवून बघ.