गोव्यात स्पोर्ट्स कारचे लाल ब्रेक कॅलिपर काळपट पडू नयेत म्हणून काय करावं?

तुम्ही विचारलंय की वर्षभरातच लाल कॅलिपर (चाकाच्या डिस्कवर पॅड दाबणारा ब्रेकचा भाग) तपकिरी का दिसायला लागले. मुख्य कारण ब्रेकची धूळ. डिस्क आणि पॅड घासून लोखंडाचे तापलेले बारीक कण उडतात, रंगावर रुततात आणि आपल्या खारट, दमट हवेत तिथेच गंजतात. जवळून पाहिलंत तर आधी बारीक नारिंगी ठिपके दिसतील. त्याच टप्प्यावर हात घाला.

दर आठवड्याला साध्या पाण्याने धुवा, मग पीएच न्यूट्रल (ना आम्ल, ना अल्कली) शाम्पू आणि मऊ ब्रश. मिरामार किंवा मोरजीच्या किनाऱ्यालगत गाडी रात्रभर उभी असेल तर सकाळीच पाणी मारा. पण गाडी चालवून आल्या आल्या नको! ब्रेक थंड होऊ द्या. रुतलेल्या कणांसाठी आयर्न रिमूव्हर, म्हणजे लोखंडाचे कण विरघळवणारं द्रव मारा. फेस जांभळा झाला की समजा, लोखंड सुटतंय. तो वाळू न देता धुऊन टाका. ॲसिडवाला व्हील क्लीनर मात्र कृपा करून वापरू नका, रंगाची चकाकी जाते.

कॅलिपर स्वच्छ असतानाच उष्णता सोसणारं सिरॅमिक कोटिंग करून घ्या. चोर्ला घाट उतरताना खालच्या गिअरमध्ये राहा, कारण सततच्या ब्रेकच्या उष्णतेनेही रंग करपतो.

आणि ब्रेक ऑइल बदलताना मेकॅनिकजवळ उभे राहा. डॉट ४ प्रकारच्या ब्रेक ऑइलचा थेंब रंगावर पडला तर रंग फुगून सुटतो, लगेच भरपूर पाणी ओता.