काम का थांबवलं ते

प्रिय चिनू,

रविवारी रात्री तू बाथटबच्या काठावर बसून ताटं विसळत होतीस. पाणी नीट वाहून जात नव्हतं, पिठल्याचा पिवळा गाळ तळाशी बसला होता. मान वर न करता तू विचारलंस, "काका गेले म्हणून तुला वाईट वाटलं हे कळतं मला. पण ते आपले नातेवाईक नव्हते. मग आपल्या नव्या किचनचं काम तीन आठवडे बंद का? तुला खरंच काम नको वाटत होतं, की लोक काय म्हणतील म्हणून?"

मी "नंतर बोलू" म्हटलं आणि टॉवेल आणायला उठले. नंतर बोललेच नाही. प्रश्न लागला मला. तू उद्धटपणे विचारलास म्हणून नाही, त्याचं उत्तर माझ्याजवळ तयार नव्हतं म्हणून.

तू इंग्रजीत विचारलंस, मी मराठीत लिहितेय. इंग्रजीत मला कारणं सांगता येतात, हे सांगता येणार नाही. शनिवारच्या मराठी शाळेत शिकलीस तेवढं वाचायला पुरेल. अडलीस तर बाबांना विचार.

आधी नियमाचं. नियम असा काही नव्हताच. सुतक असतं ते भाऊबंदांना, एका कुळातल्यांना. लंडनच्या हॅरोतली तुझी मावशी माझी मैत्रीण, बहीण नव्हे. मैत्रिणीचा नवरा गेला तर आपल्याला सुतक नाही. देवरुखच्या आजीला फोन केला असता तर तिनेही सांगितलं असतं, "तुम्हाला कसलं गं सुतक, चालू ठेवा काम." म्हणून मी तिला फोन केला नाही.

मला आठवत होतं ते आमचं छप्पर.

तू पाहिलंस ते आजोळचं घर पत्र्याचं. माझ्या लहानपणी ते नळ्यांचं होतं, अर्ध्या नळकांड्यासारखी मातीची कौलं. दर मे महिन्यात त्याची शाकारणी करायची. सगळे नळे खाली उतरवायचे, फुटके वेगळे काढायचे, कुजलेल्या रिपा आणि वाळवी लागलेले वासे बदलायचे, मग पुन्हा ओळीने नळे चढवायचे. वर्षभर माकडं उड्या मारून नळे फोडतात, पानं अडकतात, शेवाळ धरतं. एक वर्ष हयगय केली तर पावसाळाभर घरात भांडी मांडून बसायची वेळ. आणि 7 जूनच्या सुमाराला मृग लागतो, त्याच्या आत सगळं झालं पाहिजे. आगोटीचे ते दिवस, लाकूडफाटा आत घ्यायचा, मिरच्या-पापड वाळवायचे, आणि प्रत्येक घराच्या छपरावर दोन माणसं उभी.

एकट्याने होणारं काम नाही ते. आज तुमच्याकडे, उद्या आमच्याकडे, असं चालायचं. आबांबरोबर, म्हणजे माझ्या वडिलांबरोबर, नेहमी खालच्या घरचे दादा असायचे. दादा वर, आबा खाली, मध्ये आम्ही पोरं नळे हातोहात देणारी. दादांचा एक काथ्याचा दोर होता, तो ते दुसऱ्या कुणाला हाताळू देत नसत.

1986 चा मे. मी नऊ वर्षांची. मागच्या बाजूचं पाखं पूर्ण उतरवून झालं होतं, माजघर आणि स्वयंपाकघर उघडं पडलं होतं. दुपारी दादा जेवायला घरी गेले. ओटीवर बसून त्यांनी पाणी मागितलं, त्यांची बायको, आमच्या काकी, तांब्या घेऊन येईपर्यंत संपलं होतं. आबा इकडे वासा तासत बसले होते. खालून हाक आली तेव्हा ते तासणी हातात घेऊनच धावले. संध्याकाळी ते परत आले, तोवर सगळं उरकलं होतं. आपल्याकडे असंच असतं, सकाळचा माणूस दिवस मावळायच्या आत नाहीसा.

त्या घरात चूल पेटणार नव्हती. आईने आमच्या उघड्या स्वयंपाकघरात पिठलं-भात केला. वर छप्पर नाही, नुसते वासे, त्यांच्यामध्ये तारे. राख उडून पातेल्यात जाईल म्हणून मी हातात झाकण धरून उभी होते. मग पातेलं फडक्यात बांधून आम्ही दोघी खाली गेलो. आईने वाटेत बजावलं होतं, निघताना "येते" म्हणायचं नाही. का, ते सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. त्या घरात अशा निमित्ताने पुन्हा येणं नको, एवढाच त्याचा अर्थ असावा. दुसऱ्या दिवशी पातेलं रिकामं परत आलं. एरवी खालच्या घरातून भांडं कधी रिकामं आलं नव्हतं, निदान चार आमसुलं तरी असायचीच. मेल्या माणसाला मी पाहिलं नव्हतं. मला मरण कळलं ते त्या रिकाम्या पातेल्यात.

आबा म्हणाले, दहा दिवस या घरात खिळा ठोकायचा नाही.

आई म्हणाली, "पाऊस थांबणार आहे का तुमच्यासाठी?"

आबांनी उत्तर दिलं नाही. पाचव्या रात्री वळीव आला. नुसता पाऊस नाही, वारा आणि विजा. ताडपत्री एका कोपऱ्यातून सुटली. आबा आणि माझे काका ती धरून उभे होते, आम्ही पोरं अंथरुणं ओढत होतो, आई भाताची मुडी आत ढकलत होती आणि ती हलत नव्हती. घरचा तांदूळ त्यात. सकाळी आईने ओटीभर भिजलेलं धान्य पसरलं. भांडली नाही, एक शब्द बोलली नाही. ती भांडली असती तर बरं, असं मला तेव्हा वाटत होतं. आजही वाटतं.

चिनू, तुझ्या प्रश्नात मला आईचा तो आवाज ऐकू आला. कारण तिचंही बरोबर होतं. ज्याच्यासाठी काम थांबवलं तो माणूस गेलेला, आणि भिजलं आमच्या पोरांच्या तोंडचं.

त्याच सकाळी दादांचा मोठा मुलगा वर आला. चौदा वर्षांचा असेल. हातात तो काथ्याचा दोर. म्हणाला, "आई म्हणते, छप्पर झाकून घ्या. आणि मला वर चढवा. मला येतं." आबा त्याच्याकडे पाठ करून वाशांकडे बघत राहिले. बराच वेळ. मग त्यांनी शिडी लावली.

लग्नाआधी मी काकींना भेटायला गेले होते, तेव्हा तो विषय निघाला. त्या म्हणाल्या, "तुमच्याकडून पाच दिवस आवाज येईना, तेव्हा मला जास्त भीती वाटली. ठोकठोक सुरू झाली तेव्हा वाटलं, चला, वाडी आहे अजून." मी म्हटलं, मग आबांनी थांबायलाच नको होतं का? तर त्या एकदम ताठ झाल्या. "पहिल्या दिवशी ठोकलं असतं ना तुझ्या बापाने, तर जन्मात तोंड बघितलं नसतं त्याचं."

मी इतकी वर्षं या दोन वाक्यांच्या मध्ये उभी आहे. किती दिवस थांबायचं, याला आकडा नाही. दहा म्हणणारे आबा चुकले, पण एकही नाही म्हटलं असतं तर जास्त चुकले असते.

सगळंच सांभाळावं असं मला वाटत नाही, हेही लिहून ठेवते. त्याच दिवसांत चार बायका काकींना मागच्या पडवीत घेऊन गेल्या आणि बांगड्यांचा आवाज आला. आई त्यांच्यात गेली नाही, मला जवळ धरून उभी राहिली. पण तिने त्यांना थांबवलंही नाही. 2022 च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने हे सगळं, कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं, बंद करायचा ठराव केला. त्याच महिन्यात सरकारनेही इतर गावांनी तसं करावं म्हणून परिपत्रक काढलं. ती बातमी वाचताना मला पडवीतला तो आवाज आठवला. परवा हॅरोला गेले तेव्हा मावशीच्या कपाळावर तिची रोजची बारीक टिकली होती. तुला सांगते, दारातच मला बरं वाटलं.

आता आपल्याकडचं. देवरुखला जे संध्याकाळपर्यंत उरकलं, त्याला इथे तेरा दिवस लागले. डॉक्टरांचे कागद, मृत्यूची नोंद, मग क्रेमेटोरियमची तारीख. तेरा दिवस काका घरातही नव्हते आणि गेलेलेही नव्हते. मावशी मला रोज एकच विचारायची, "दिवस कधीपासून मोजायचे गं?" फोनवर गुरुजी एक सांगत होते, नाशिकहून तिच्या सासूबाई दुसरं. ज्या दिवशी तेरावा व्हायचा त्या दिवशी अग्नी दिला, तोही बटण दाबून. तिच्या मुलाने ते दाबलं तेव्हा तू त्याच्या मागेच उभी होतीस. अशा दिवसांत मी सकाळी बिल्डरला दार उघडून ओट्याची उंची सांगायची आणि मग हॅरोला जाऊन तिच्या शेजारी बसायचं, हे मला जमेना.

तू म्हणशील, आपला ड्रिल हॅरोपर्यंत ऐकू जात नाही. बरोबर आहे. किल्ली बिल्डरकडे देऊन काम चालू ठेवता आलं असतं. तो दुसरीकडे गेला, तारीख पुढे गेली, तुझ्या मॉक परीक्षा आल्या आणि तू जिन्याच्या लँडिंगवर मायक्रोवेव्हशेजारी बसून अभ्यास केलास. याचं मला वाईट वाटतं. मुडी भिजली ती तुझीच, आणि मी तुला विचारलंही नव्हतं.

आता लोकांचं. हो, थोडं तेही होतं. महाराष्ट्र मंडळात कुणीतरी म्हणालं असतं, "तिकडे हे झालंय आणि यांचं नवं किचन चाललंय." ते ऐकायची माझी तयारी नव्हती. पण आपल्याकडे म्हणतात ना, जनाची नाही तर मनाची. मनाची जास्त होती, आणि ती कशाची, ते मी बाबांनाही सांगितलेलं नाही.

तो मंगळवार होता. जुनी कपाटं उखडून झाली होती, भिंतीवरचं प्लास्टर सुटलं होतं, आणि मी फरशीवर दोन टाइल्स शेजारी शेजारी ठेवून फोटो काढला. एक पांढरी, एक राखाडीवर निळसर छटा असलेली. नऊ वाजून चाळीस मिनिटांनी हॅरोमावशीला पाठवला. खाली लिहिलं, "यातली कोणती? लवकर सांग, आज ऑर्डर द्यायचीय." तिला टाइल्समधलं कळतं, तिच्या किचनच्या वेळी आपण दुकानं फिरलो होतो ना. अकरापर्यंत उत्तर आलं नाही म्हणून मी एक प्रश्नचिन्ह पाठवलं. नुसतं प्रश्नचिन्ह, वैतागून. त्याच वेळी ती काकांसोबत ॲम्ब्युलन्समध्ये होती.

दुपारी कळलं. त्यानंतर त्या दोन टाइल्स बघितल्या की पोटात कालवायचं. बिल्डर आला, त्याने विचारलं कोणती लावायची, आणि मला बोलताच येईना. मी त्याला म्हटलं, आत्ता नको, थांबव. खरं कारण एवढंच. आबा, रीतभात, सगळं त्याच्यानंतर आठवलं.

पिठलं मात्र मी ठरवून केलं. वॉशिंग मशीनवर ती एकच इंडक्शनची शेगडी, प्लास्टरची धूळ सगळीकडे, आणि तू न सांगता झाकण धरून उभी राहिलीस. तुला कुणी शिकवलं होतं ते? मी तुझ्याकडे बघत राहिले आणि पिठल्यात गुठळ्या झाल्या.

आणखी एक. त्या आठवड्यात रात्री साडेअकराला तू हेडफोन लावून गेम खेळत हसत होतीस आणि मी ओरडले, "त्यांच्या घरात काय झालंय, आणि तुला हसायला सुचतं?" तू दार लावून घेतलंस. मावशीने नंतर मला सांगितलं, तिचा मुलगा दिवसभर एक शब्द बोलत नव्हता, रात्री तुझ्याशी खेळताना तेवढा त्याचा आवाज तिला भिंतीपलीकडून ऐकू यायचा, आणि तो ऐकत ती झोपायची. मला काकींची ठोकठोक आठवली. मला माफ कर. तुला त्या वेळी माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

हे सगळं तू पुढे पाळावंस म्हणून लिहिलेलं नाही. तुझ्या मैत्रिणीच्या घरी असं काही झालं तर तू काम थांबव किंवा चालू ठेव, पिठलं ने किंवा पिझ्झा ने. फक्त विचारायला जा, एवढं वाटतं. तेही राहू दे, तू जातेसच.

काल रात्री तू झोपल्यावर फोन वाजला. हॅरोमावशी. आमचं रोज बोलणं होतं, पण हा मेसेज वेगळा होता. तेवीस दिवसांपूर्वीचा तो टाइल्सचा फोटो शोधून तिने त्यालाच उत्तर दिलं होतं.

"दुसरी. पांढरीवर फोडणीचे डाग दिसतात. ग्राउट गडद घे."

मी बाबांना उठवून दाखवलं. सोमवारी सकाळी आठला बिल्डर येतोय, तुझं सामान लँडिंगवरून आज उचल. शनिवारी मी मावशीकडे जाणार आहे, टाइलचा तुकडा घेऊन. यायचं असलं तर ये.

तुझी,
आई