‘घरात ऑफिस नको’ ठरवलं, आणि बोलणंच आटलं

प्रश्न : ताई, आम्ही दोघंही नोकरी करतो. रोज रात्री त्याच तक्रारी, तेच साहेब, तेच राजकारण. वैतागून सहा महिन्यांपूर्वी ठरवलं, घरात कामाचा विषय काढायचा नाही. भांडणं थांबली. पण परवा त्याला बढती मिळाल्याचं मला त्याच्या मित्राकडून कळलं. विचारलं तर म्हणाला, “आपलं ठरलंय ना?” त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. आमचं काय चुकलं?

उत्तर : तुमचं पत्र वाचून मलाही गलबलून आलं. त्याने काही लपवलं नाही, ठरलेलं पाळलं. तुम्हाला थांबवायची होती कुरकुर, पण तिच्याबरोबर आनंदही दाराबाहेर राहिला. मानसशास्त्रज्ञ शेली गेबल आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हाच मुद्दा होता. चांगली बातमी ऐकून ज्यांचा जोडीदार मनापासून खुलतो, आणखी खोदून विचारतो, ते नात्यात जास्त समाधानी दिसले. नुसतं ‘छान’ म्हणून मोबाइलकडे वळणं त्यात बसत नाही. म्हणून बढतीचा विषय आजच काढा. कोणी सांगितलं, त्याच्या मनात पहिल्यांदा काय आलं, सगळं विचारा.

आता तक्रारींचं. यात मी स्वतः चुकले आहे. नवरा घड्याळ काढता काढता म्हणायचा, “आज पुन्हा सगळ्यांसमोर बोलले मला.” त्याचं वाक्य संपायच्या आत माझा सल्ला तयार, “मग तिथल्या तिथे सांगायचंस ना!” एकदा पट्टा अर्धवट सोडून तो थांबला. “मी उपाय विचारला नव्हता गं,” एवढंच म्हणाला. तेव्हापासून मी आधी विचारते, “नुसतं ऐकू, की काही सुचवू?” बहुतेकदा ऐकणंच हवं असतं.

मात्र दारात पाऊल टाकताच नको. मानसशास्त्रज्ञ रेना रेपेटी यांनी हवाई वाहतूक नियंत्रकांचा अभ्यास केला होता, १९८९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. कामाचा भार जास्त असलेल्या दिवशी ते घरी गप्प, अलिप्त राहत. अशा गप्प बसण्याला रुसवा समजू नका. हातपाय धुऊन जरा टेकू द्या, तुम्हीही टेका. आणि एकच तक्रार रोज उगाळली जायला लागली, तर “पुढे काय करायचं ठरवलंयस?” असं मायेने विचारा. उगाळून दोघंही थकतात, साहेब तसेच राहतात.

या सहा महिन्यांत तुमच्या ऑफिसात काय काय झालं, हेही त्याला ठाऊक नसणार. आज त्याचं ऐकून झालं की तुमचंही सांगा.