दुखते नेमके कोठे, हे चिठ्ठीवर कसे लिहावे?

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यातील एका गावात आशा स्वयंसेविका आहे. रुग्णाला ग्रामीण रुग्णालयात पाठवताना दुखण्याची किंवा जखमेची जागा चिठ्ठीवर लिहावी लागते. रुग्ण समोर असला की त्याची डावी बाजू माझ्या उजव्या हाताला येते आणि त्याने हात वळवला की आतली बाजू बाहेर जाते. वाचणाऱ्याचा गोंधळ होऊ नये यासाठी जागा कशी लिहावी?

उत्तर : रुग्ण खाटेवर पालथा पडलेला असो वा धुऱ्यावर बसलेला असो, जागा लिहिताना त्याचे शरीर एकाच प्रमाण स्थितीत आहे असे मानावे : ताठ उभे, चेहरा समोर, हात बाजूंना सोडलेले आणि तळहात पुढे वळवलेले. डावे-उजवे नेहमी रुग्णाचे, पाहणाऱ्याचे नव्हे. शरीराच्या मध्यरेषेकडची ती आतली बाजू आणि मध्यरेषेपासून दूरची ती बाहेरची. या स्थितीत अंगठा बाहेरच्या बाजूला येतो. तरीही कोपराखालच्या हाताबाबत ‘अंगठ्याकडील’ किंवा ‘करंगळीकडील’ असेच लिहावे, कारण हात कसाही वळला तरी ते बदलत नाही.

पोटाच्या बाबतीत अधिक काळजी घ्यावी. वैद्यकीय पुस्तकांत पोटाचे नऊ भाग करतात. पण चिठ्ठीसाठी बेंबीतून एक उभी आणि एक आडवी रेषा कल्पून केलेले चार भाग पुरेसे आहेत. अपेंडिक्सला सूज आली की दुखणे बहुधा बेंबीभोवती सुरू होते आणि काही तासांनी उजवीकडे खाली सरकते. कमरेच्या हाडाचे पुढे हाताला लागणारे टोक आणि बेंबी यांना जोडणाऱ्या रेषेवर, हाडापासून सुमारे एक-तृतीयांश अंतरावर, ते सर्वाधिक जाणवते, हे मॅकबर्नी या अमेरिकी शल्यविशारदाने 1889 मध्ये नोंदवले. म्हणून केवळ ‘पोटात दुखते’ असे न लिहिता आधी कोठे दुखत होते, आता कोठे दुखते आणि केव्हापासून, हे तिन्ही लिहावे.

कपाशीच्या निंदणाच्या दिवसांत सर्पदंशाचे रुग्ण येतात, तेव्हा तर जागेला फारच महत्त्व असते. ‘पायाला चावला’ एवढे पुरत नाही. ‘उजवा पाय, बाहेरच्या घोट्याच्या चार बोटे वर’ असे हाताला लागणाऱ्या हाडापासून मोजून लिहावे. सूज जेथवर चढली असेल तेथे पेनाने रेघ ओढून शेजारी वेळ टाकावी. रुग्णालयात पोहोचेपर्यंत ती रेघेच्या किती वर गेली, यावरून विषाचा जोर डॉक्टरांच्या लक्षात येतो. मात्र या नोंदीसाठी रुग्णाला थांबवून ठेवू नये. रेघ गाडीतही ओढता येते. मण्याराच्या दंशात सूज अनेकदा नसतेच आणि दाताची खूणही सापडत नाही. जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोट दुखते म्हणून उठला आणि त्याच्या पापण्या जड होऊ लागल्या, तर खूण न दिसताही ‘सर्पदंशाची शंका’ असे चिठ्ठीवर स्पष्ट लिहावे आणि त्याला तातडीने पाठवावे.