वाचकांचे प्रश्न : लितांगला जाण्यापूर्वी

चीनच्या सिच्वान प्रांताच्या पश्चिमेला, खाम या जुन्या तिबेटी प्रदेशात, लितांग हे गाव ४,०१४ मीटर उंचीवर वसले आहे. म्हणजे लेहपेक्षा सुमारे पाचशे मीटर वर. या गावाबद्दल आलेल्या पत्रांतील काही प्रश्नांची ही उत्तरे.

आम्ही दोघेही साठीच्या आसपासचे आहोत. हाताशी आठ दिवस आहेत. चेंगदूहून विमानाने दाओचेंगला उतरून मोटारीने लितांग गाठले तर दोन दिवस वाचतील, असे मुलगा म्हणतो. तसे करावे का?

करू नये. चेंगदू समुद्रसपाटीपासून जेमतेम पाचशे मीटरवर आहे आणि दाओचेंग-यादिंग विमानतळ ४,४११ मीटरवर, खुद्द लितांगपेक्षाही उंच. तासाभराच्या उड्डाणात शरीराला काहीच उमगत नाही. हवेत प्राणवायू सगळीकडे एकवीस टक्केच असतो, पण चार हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रकाठच्या साठ टक्क्यांच्या आसपास येतो, त्यामुळे प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायूही तेवढाच घटतो. शरीर श्वास वाढवून ही तूट भरते, पण त्यामुळे रक्ताचा बदललेला तोल सावरायला मूत्रपिंडांना दोन-तीन दिवस लागतात. वाचवलेले दोन दिवस मग हॉटेलच्या खोलीत डोके धरून जातात.

आठ दिवस रस्त्याने जायला पुरेसे आहेत. पहिले दोन मुक्काम कांगदिंगला करा (सुमारे २,५०० मीटर). तिसऱ्या दिवशी ४,२९८ मीटरचा झेदुओ घाट ओलांडून शिन्दुछ्याओला उतरा आणि तेथे दोन रात्री काढा. हे गाव ३,३०० मीटरच्या थोडे वर आहे. पाचव्या दिवशी लितांग, तेथे दोन रात्री. सातव्या दिवशी परत कांगदिंग (सुमारे २८५ किलोमीटर, पूर्ण दिवस धरा), आठव्या दिवशी चेंगदू. तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची जागा एका रात्रीत पाचशे मीटरपेक्षा जास्त चढवू नये, असा नियम आहे. शिन्दुछ्याओ ते लितांग हा टप्पा त्याहून मोठा आहे, म्हणूनच शिन्दुछ्याओला एक रात्र जादा धरली आहे.

यात एक चूक अनेकांकडून होते. वाटेत याजियांग लागते, ते नदीकाठी आहे, हवा सुखाची आहे, म्हणून मुक्काम तेथे करतात. पण याजियांग २,६०० मीटरच्या आसपास आहे. तेथे झोपून दुसऱ्या दिवशी लितांगला गेलात तर एकदम चौदाशे मीटरची उडी होते आणि शिन्दुछ्याओच्या मुक्कामांचा फायदा कमी होतो. याजियांगला जेवा आणि पुढे निघा.

डायमॉक्स घ्यावी का? आणि त्रास झालाच तर ‘लगेच खाली उतरा’ म्हणतात, ते लितांगहून कसे जमवायचे?

आधी गोळीबद्दल. डायमॉक्स म्हणजे अॅसिटाझोलामाइड, उंचीचा त्रास टाळण्यासाठीचे औषध. प्रतिबंधासाठी प्रौढांना साधारणतः १२५ मिलिग्रॅम दर बारा तासांनी देतात. कांगदिंग सोडण्याच्या आदल्या दिवशी सुरू करून लितांगला पोचल्यावर दोन दिवस चालू ठेवावी. सल्फा औषधांची अॅलर्जी, मूत्रपिंडाचा विकार किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. बोटांना मुंग्या येतात, लघवीला वारंवार जावे लागते, सोड्याची पेये बेचव लागतात. यात घाबरण्यासारखे काही नाही. गोळी चालू आहे म्हणून मुक्काम मात्र गाळू नयेत.

दुसरा प्रश्न फार महत्त्वाचा आहे, कारण लितांगहून खाली जायचे तर आधी वर जावे लागते. पूर्वेला याजियांगकडे निघालात की रस्ता काजिला घाटावर ४,७१८ मीटरपर्यंत चढतो. पश्चिमेला बातांगचे गाव बरेच खाली आहे, पण मध्ये हाइझी डोंगराचा घाट आहे, तोही साडेचार हजारांच्या वर. म्हणून येथे दुखणे अंगावर काढून चालत नाही.

डोकेदुखीसोबत मळमळ, चक्कर किंवा गळून गेल्यासारखे वाटत असेल तर त्या दिवशी हालचाल बंद ठेवा, पाणी आणि हलके जेवण घ्या, झोपेची गोळी आणि मद्य टाळा. पुढील तीन गोष्टींपैकी एकही दिसली तर मात्र थांबू नका : बसल्या जागी धाप लागणे, बोलण्यात गोंधळ, किंवा टाचेला अंगठा लावत सरळ रेषेत दहा पावले न टाकता येणे. पहिली फुप्फुसात पाणी होत असल्याची खूण आहे, उरलेल्या दोन मेंदूला सूज येत असल्याच्या. अशा वेळी प्रथम गावातल्या रुग्णालयात प्राणवायू लावून घ्या आणि घाट ओलांडताना तो चालूच राहील अशी गाडी ठरवून खाली निघा. दुकानांत मिळणारा प्राणवायूचा छोटा डबा काही मिनिटांत संपतो. त्याने तेवढ्यापुरते बरे वाटते, उपचार होत नाही.

बोटाला लावायचा ऑक्सिमीटर जवळ असू द्या, पण येथे ८५च्या आसपास आकडा दिसला म्हणून घाबरू नका. बोटे गार असली की आकडा चुकतो, आधी हात चोळून ऊबदार करा. आकड्यापेक्षा माणसाकडे बघा.

तिबेटचा परवाना लागतो का?

नाही. तो तिबेट स्वायत्त प्रदेशासाठी असतो आणि लितांग सिच्वानमध्ये येते, त्यामुळे चीनचा व्हिसा पुरतो. बातांगच्या पुढे जिन्शा नदी ओलांडली की मात्र परवाना आणि वाटाड्या दोन्ही हवेत. हा भाग परदेशी प्रवाशांसाठी मधूनच बंद होतो, विशेषतः मार्चमध्ये. निघण्याआधी चेंगदूत चौकशी करा. हॉटेल ठरवताना परदेशी पाहुण्यांची पोलिसांत नोंद करतात ना, एवढे विचारून घ्या. पासपोर्ट कायम अंगावर ठेवा.

शाकाहारी माणसाचे तेथे कसे होईल?

होते, पण थोडी तयारी हवी. मोमोत बहुधा याकचे मांस असते आणि भाजी पुष्कळदा डुकराच्या चरबीत परततात. ‘मांस नको, चरबी नको’ असे चिनी लिपीत लिहिलेली चिठ्ठी जवळ ठेवा, उच्चारांची चूक त्यात होत नाही. या उंचीवर पाणी ८६-८७ अंशांनाच उकळते, त्यामुळे उघड्या भांड्यात डाळ-तांदूळ शिजत नाहीत. प्रेशर कुकर असलेली खानावळ पाहा. घरून नेलेल्या ‘गरम पाणी घाला’ छापाच्या पाकिटांना दुप्पट वेळ द्या. हवाबंद पुड्या तेथे फुग्यासारख्या टम्म होतात, त्या कपड्यांत ठेवू नका.

खरा आधार त्साम्पाचा. जव आधीच भाजून दळलेले असतात, त्यामुळे पाणी किती तापते हा प्रश्नच उरत नाही. आपल्या सातूच्या पिठाचे हे जवळचे नातलग. वाटीत तळाशी दोन घोट लोणी-मिठाचा चहा ठेवा, वर पीठ घाला आणि वाटी फिरवत मधोमध बोटाने दाबत कालवा, म्हणजे सांडत नाही. मळल्यावर मुटका करून खा. चहा खारट असतो, तो चहा न समजता कढण समजून प्यायलात तर आवडेल.

दोन दिवसांत काय पाहावे? आकाश-अंत्यविधी पाहता येतो असे ऐकले.

पहिल्या दिवशी सपाटीवरच राहा. पांढऱ्या स्तूपाभोवती म्हातारी माणसे सकाळ-संध्याकाळ प्रदक्षिणा घालतात, त्यांच्याच चालीने चाला, स्तूप उजव्या हाताला ठेवून. सातव्या दलाई लामांचा, केल्सांग ग्यात्सो यांचा, जन्म १७०८ मध्ये याच गावात झाला. ते घर जुन्या गल्लीत आहे. तिसऱ्या दलाई लामांनी १५८० मध्ये स्थापलेला मठ उतारावर आहे, तो चढ दुसऱ्या दिवसासाठी ठेवा.

अंत्यविधीला मात्र जाऊ नका. पारशी दखम्यासारखाच हा देह पक्ष्यांना देण्याचा विधी आहे. बौद्ध श्रद्धेत ते शेवटचे दान. मृताच्या घरच्यांनी स्वतः बोलावले तरच जावे, तेही कॅमेरा आणि फोन खोलीवर ठेवून. पैसे घेऊन ‘दाखवतो’ म्हणणाऱ्या चालकाला सरळ नाही म्हणा.