कॅम्पसवर कंपनी येते, पण कुठल्या ऑफिससाठी?

बिझनेसच्या पदवीसाठी कॉलेज निवडताना सगळे प्लेसमेंटचा सरासरी पगार बघतात. तू आधी मुलं कुठल्या शहरांत लागली ते बघ. पदवीच्या मुलांसाठी कंपन्या सहसा फार लांब जात नाहीत. जवळच्या ऑफिसातल्या जागा जवळच्या कॉलेजांतून भरतात. डेलॉइट, केपीएमजी अशा मोठ्या ऑडिट कंपन्यांची नावं यादीत दिसली तरी ऑडिटच्या जागा बहुतेक वेळा एकेका ऑफिसच्या असतात. म्हणून मुलाखतीला कुठल्या ऑफिसची माणसं येतात, हे सीनियर्सना विचार. दुसरं शहर हवं असेल तर अर्जात तसं लिही आणि ‘तिथेच का?’ याचं खरं उत्तर तयार ठेव. नातेवाईक आहेत, हेही चालतं.

सरासरीबद्दल एवढंच, की दोन-चार मोठी पॅकेजं ती फुगवतात. म्हणून मध्यक किती, म्हणजे सगळे पगार क्रमाने लावले तर अगदी मधला कोणता, ते विचार.

बरीच भरती इंटर्नशिपमधून होते. शेवटच्या वर्षाआधीच्या सुट्टीत जिथे इंटर्न असशील, तिथलीच ऑफर येण्याची शक्यता जास्त. म्हणजे शहराचा निर्णय तुला वाटतो त्याच्या बराच आधी होऊन जातो. इन्व्हेस्टमेंट बँका तर त्याहूनही लवकर अर्ज मागवतात. लांबच्या शहरासाठी नुसत्या प्लेसमेंट सेलवर विसंबू नकोस. तिथे काम करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांना स्वतः लिही. दोन ओळी पुरतात, आणि पहिल्याच मेलला बायोडेटा जोडू नकोस, लोक बिचकतात.

सेल्सची ऑफर आली तर मात्र पोस्टिंगचं कलम नीट वाच. ‘कंपनी ठरवेल तिथे’ असं लिहिलं असेल, तर मुलाखतीतलं तोंडी आश्वासन धरून घर शोधायला लागू नकोस.