वाचकांचे प्रश्न : तलावांच्या नोंदी आणि डिफॉल्ट मूल्ये

प्रश्न : आमची मच्छीमार सहकारी संस्था गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्यात माजी मालगुजारी तलावांची (पूर्वीच्या मालगुजारांच्या, म्हणजे जमीनदारांच्या, काळातील तलावांची) नकाशासह नोंद करीत आहे. माहिती पोस्टजीआयएसच्या (नकाशे साठवणाऱ्या डेटाबेसच्या) टेबलमध्ये असून ती क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमधून भरली जाते. तालुका, पाहणीची तारीख आणि पाळीची (तलावाच्या बांधाची) स्थिती हे रकाने आपोआप भरावेत म्हणून मी डिफॉल्ट मूल्ये ठरवली. परंतु जुन्या नोंदी रिकाम्याच राहिल्या आणि नव्या प्रत्येक नोंदीत एकच तारीख येते. माझे कोठे चुकले? तलावाचे क्षेत्रफळही असेच आपोआप भरता येईल काय? — एक वाचक, जिल्हा गोंदिया

उत्तर : जुन्या नोंदींच्या बाबतीत आपले काहीच चुकलेले नाही. आधीच अस्तित्वात असलेल्या रकान्याला 'सेट डिफॉल्ट' आज्ञेने मूल्य ठरवून दिले, तर ते केवळ त्यानंतर येणाऱ्या नोंदींना लागू होते. याउलट नवा रकाना जोडतानाच डिफॉल्ट दिले, तर जुन्या नोंदींतही ते दिसू लागते. तालुक्याचा रकाना आपण 'अपडेट' आज्ञेने, फक्त जेथे तो रिकामा आहे तेथे, खुशाल भरावा. तारखेच्या बाबतीत मात्र तसे करू नये, कारण मागील उन्हाळ्यात पाहिलेल्या तलावापुढे आजची तारीख पडली तर ती नोंद खोटी ठरते.

एकच तारीख येण्याचे कारण बहुधा असे असावे की, आपण अवतरणचिन्हांत 'नाऊ' हा शब्द लिहून त्याला तारखेचा प्रकार जोडला आहे. पोस्टग्रेस (पोस्टजीआयएस ज्यावर चालते तो डेटाबेस) असा शब्द आज्ञा वाचतानाच त्या क्षणाच्या तारखेत बदलते आणि तीच तारीख डिफॉल्ट म्हणून कायमची कोरली जाते. त्याऐवजी अवतरणचिन्हांशिवाय 'करंट_डेट' लिहावे, म्हणजे प्रत्येक नोंद जतन होताना तारीख नव्याने काढली जाईल. अर्थात, ती जतन करण्याची तारीख असते. दिवसभर तलाव पाहून दुसऱ्या दिवशी कार्यालयात नोंदी भरत असाल, तर तारीख हातानेच लिहिलेली बरी. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी : फॉर्ममधून त्या रकान्यासाठी स्पष्टपणे 'नल' (म्हणजे 'मूल्य नाही') पाठवले गेले, तर डिफॉल्ट लागू होत नाही आणि रकाना रिकामाच राहतो.

खरी अडचण आपण न विचारलेल्या ठिकाणी आहे, ती म्हणजे पाळीची स्थिती. तालुक्याचे नाव तलावावर न जाताही ठाऊक असते. पाळीला भगदाड आहे की नाही, हे पाळीवर चालल्याशिवाय कळत नाही. तेथे 'चांगली' असे डिफॉल्ट ठेवले, की पाहून लिहिलेले 'चांगली' आणि घाईत तसेच राहिलेले 'चांगली' यांतील भेद टेबलमधून कायमचा पुसला जातो, आणि पावसाळ्यात सांडवा वाहू लागला की तीच यादी संस्थेला दगा देते. आपल्याला रिकामा रकाना नकोच असेल, तर 'पाहिली नाही' हे मूल्य डिफॉल्ट ठेवावे. तोच न्याय गाळाच्या जाडीला आणि पाण्याच्या खोलीला लावावा. तेथे शून्य हे डिफॉल्ट ठेवले तर सरासरी काढताना ते शून्य निमूटपणे आत शिरते. मालकीचा रकानाही मी डिफॉल्टवर सोडणार नाही, कारण मालगुजारी संपल्यावर सगळेच तलाव एका खात्याकडे गेलेले नाहीत.

क्षेत्रफळ डिफॉल्टने भरता येत नाही, कारण पोस्टग्रेसमध्ये डिफॉल्ट त्याच नोंदीतील दुसऱ्या रकान्याचा आधार घेऊ शकत नाही. त्यासाठी आवृत्ती 12 पासून 'जनरेटेड' रकान्याची सोय आहे, ज्यात तलावाची सीमा बदलली की क्षेत्रफळही आपोआप बदलते. मात्र सीमा अक्षांश-रेखांशांत साठवलेली असेल, तर उत्तर निरर्थक 'चौरस अंशांत' येईल. म्हणून आधी ती यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या नकाशा-प्रणालीच्या पट्टा 44 उत्तरमध्ये (ईपीएसजी या संकेतसूचीतील क्रमांक 32644) रूपांतरित करावी. (आपल्या विदर्भातून 78 अंश पूर्व रेखावृत्त जाते; त्यामुळे अकोला-बुलडाण्याच्या वाचकांनी हा आकडा उचलू नये, त्यांचा पट्टा 43 आहे.)

शेतावर, तलावावर टॅबलेट नेण्यासाठी आपण जिओपॅकेज (एकाच फाइलमध्ये मावणारा नकाशांचा डेटाबेस) बनवणार असाल, तर त्यातील जुन्या रकान्याचे डिफॉल्ट नुसत्या 'ऑल्टर टेबल'ने बदलता येत नाही. अशा वेळी क्यूजीआयएसमध्ये लेयरच्या गुणधर्मांतील फॉर्मच्या भागात प्रत्येक रकान्याला डिफॉल्ट सूत्र द्यावे. तेथे 'बदल करतानाही लागू करा' अशा अर्थाचा एक पर्याय आहे; तो पाहणीच्या तारखेसाठी निवडू नये, अन्यथा गावाच्या नावातील एक वेलांटी दुरुस्त केली तरी पाहणीची तारीख बदलून जाईल.